पहिल्या पानावरचा धूर

डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे आग असणार. न्यायशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांनी शतकानुशतकं घोटलेलं हे उदाहरण. ते इतकं साधं आहे की त्यातली अडचण चटकन लक्षात येत नाही. पाहणाऱ्याला आग दिसलेलीच नसते. दिसतो तो धूर, आणि ‘जिथे धूर तिथे आग’ हा अनुभवाने पक्का झालेला नियम त्याच्या मनात असतो. या नियमाला व्याप्ती म्हणतात आणि धुराला हेतू. हेतू खरा आणि व्याप्ती अभंग असेल, तर न दिसलेल्या आगीचं ज्ञान भरवशाचं ठरतं. आज पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसलेला माणूस मोबाइलवर ‘अस्सल कोल्हापुरी चप्पल’ असं टाइप करून समोर आलेल्या यादीतल्या पहिल्या-दुसऱ्या नावावर बोट ठेवतो, तेव्हा तो हेच अनुमान करत असतो. चामडं त्याने हातात घेतलेलं नाही, शिवण पाहिलेली नाही, करकर ऐकलेली नाही. त्याला दिसतो तो यादीतला क्रम. ‘वर आहे, म्हणजे चांगलं असणार’ ही त्याची व्याप्ती. हा क्रम वर यावा म्हणून वेबसाइटवर जे काम केलं जातं त्याला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे एसईओ, म्हणतात. लहान-मोठे अनेक व्यावसायिक आज त्यावर पैसे खर्च करतात, आणि जवळजवळ सगळे त्याकडे निव्वळ तांत्रिक बाब म्हणून पाहतात. माझ्या मते तो आधी प्रमाणशास्त्राचा आणि नीतीचा प्रश्न आहे. दुसऱ्याने ज्यावरून अनुमान करायचं, तो धूर आपणच मुद्दाम उठवणं योग्य आहे का? माझं उत्तर असं की जिथे आग आहे तिथे धूर उठू देणं हे व्यावसायिकाचं कर्तव्य आहे, आणि धुरासारखं दिसणारं धुकं सोडणं हा अपराध आहे, मग मागे आग खरोखर असली तरीही. यातला शेवटचा भाग पटायला अवघड आहे.

आधी सर्च इंजिनचं काम नीट समजून घ्यायला हवं, कारण नीतीचा पेच त्या कामाच्या घडणीतच आहे. क्रॉलर नावाचा प्रोग्राम लिंकच्या वाटेने एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरतो. सापडलेल्या पानांची नोंद इंडेक्समध्ये होते. कुणी काही शोधलं की त्या नोंदींतली पानं क्रम लावून पुढे ठेवली जातात. पहिली दोन कामं पोस्टमनची आणि कारकुनाची आहेत, तिसरं न्यायाधीशाचं. पण या न्यायाधीशाला वस्तू बघता येत नाही. चप्पल टिकेल का, डॉक्टरचं निदान बरोबर असेल का, हे कळण्याचं कुठलंच इंद्रिय यंत्राला नाही. मग त्याने न्याय करायचा कशावरून? १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकच्या रूपाने या प्रश्नाचं एक देखणं उत्तर मांडलं. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही साक्ष मानायची, आणि साक्षीदाराचं वजन त्याच्या स्वतःच्या बाजूने किती आणि कोण साक्ष देतं यावरून ठरवायचं. कल्पनेचं बीज विद्वानांच्या जगातलं होतं. ज्या शोधनिबंधाचा दाखला बरेच जण देतात तो महत्त्वाचा, या समजुतीवर युजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानातल्या दाखल्यांची सूची प्रसिद्ध करायला सुरुवात केली होती. त्या सूचीमागचा आणि पेजरँकमागचा विश्वास एकच: माणूस आपलं नाव खर्च करून जेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवतो, तेव्हा त्यात काहीतरी तथ्य असतं.

म्हणजे इथे दोन प्रमाणं, ज्ञान मिळवण्याची दोन साधनं, एकमेकांत गुंतलेली आहेत. व्यावसायिकाच्या पानावर त्याने स्वतः लिहिलेलं असतं ते शब्द या प्रमाणात मोडतं. यादीतला क्रम मात्र इतरांच्या शब्दांवरून यंत्राने काढलेलं अनुमान असतो. शब्द हे वेगळं प्रमाण मानायचं की तेही अनुमानच, यावर भारतीय दर्शनांत मोठा वाद झाला. बौद्ध आणि वैशेषिक त्याला अनुमानात धरतात, नैयायिक त्याचं स्वतंत्र स्थान राखतात. नैयायिकांच्या मते प्रमाण ठरतो तो आप्ताचा शब्द. मराठीत आप्त म्हणजे सोयरेधायरे, पण शास्त्रातला हा आप्त नात्याचा नसतो. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांच्या मते ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखीच लागू पडते, असंही ते बजावतात. आप्तपणा जातीवर किंवा पदावर ठरत नाही, जाणण्यावर आणि प्रामाणिकपणे सांगण्यावर ठरतो. निकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठी गूगलने जी मार्गदर्शिका केली आहे, तिच्यात पानाची पारख करताना अनुभव, जाणकारी, अधिकार आणि विश्वासार्हता पाहायला सांगितलं आहे. त्यातला ‘अनुभव’ डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने जोडला गेला, आणि चौघांत विश्वासार्हतेला सर्वांत वरचं स्थान दिलं गेलं. इतकी यंत्रं आणि इतकं गणित पालथं घालून अखेर वात्स्यायनांच्याच दोन अटींपाशी यावं लागलं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. न दिसलेल्या वस्तूबद्दल दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबताना आणखी काही तपासण्यासारखं नसतंच बहुधा.

आता पहिला आक्षेप. चांगल्या मालाला बोभाटा लागत नाही, प्रामाणिक माणसाने आपलं काम करावं, ज्याला हवं तो शोधत येईल, असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या भूमिकेत एक स्वाभिमान आहे आणि मला त्याचा आदर वाटतो. पण ती तर्काला धरून नाही. ‘जिथे धूर तिथे आग’ हे खरं असलं, तरी ‘जिथे आग तिथे धूर’ हे खरं नाही, असं नैयायिकांनी फार पूर्वीच दाखवून दिलं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. आगीतून धूर निघायला ओलं सरपण लागतं. या जादा अटीला ते उपाधी म्हणतात. आपल्याकडे असे तापलेले गोळे गावोगाव आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे येतात. या पट्ट्यातला एखादा कारागीर वनस्पतींच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं वापरतो, चामड्याच्याच वादीने हाताने शिवतो, आणि त्याची वेबसाइट मात्र अशी असते की पानाचं शीर्षक नुसतं ‘होम’. आत वॉट्सअॅपसाठी केलेलं एक पोस्टर जसंच्या तसं चिकटवलेलं असतं, भाव, पत्ता, फोन सगळं त्या चित्रातच. चित्रातली अक्षरं यंत्राने वाचावीत याचा भरवसा नाही. जुन्या वेबसाइटवर आणखी एक खास मराठी दुखणं सापडतं. मजकूर युनिकोडमध्ये नसतो, छपाईसाठी बनलेल्या जुन्या फाँटमध्ये असतो. पडद्यावर सुबक ‘चप्पल’ दिसते, पण फायलीत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी. फाँट काढून घेतला की उरतं ते कुठल्याच भाषेतलं नाही. क्रॉलरच्या हाती तेवढंच लागतं. त्याच्या दृष्टीने त्या पानावर मराठीचा एक शब्दही नाही, चपलेचा तर नाहीच.

ओलं सरपण घालणं म्हणजे एसईओची प्राथमिक शिस्त पाळणं, एवढाच अर्थ मी घेतो. मजकूर खऱ्या अक्षरांत असावा. प्रत्येक पानाला त्यात काय आहे ते नेमकं सांगणारं शीर्षक असावं. कापशी या कोल्हापुरी प्रकाराचं पान वेगळं, लहान मुलांच्या चपलांचं वेगळं. गिऱ्हाईक वस्तूला जे म्हणतं तो शब्द पानावर असावा. कारागिराच्या तोंडी ‘कापशी’ असते, मुंबईचा मुलगा रोमन लिपीत ‘कोल्हापुरी चप्पल’ टाइप करतो, आणि दोघांची गाठ पडायची तर दोन्ही नावं तिथे हवीत. फोटोसोबत त्यात काय आहे ते शब्दांत लिहावं. हे वर्णन यंत्राला जितकं उपयोगी, तितकंच स्क्रीन रीडरवर वेबसाइट ऐकणाऱ्या अंध गिऱ्हाइकालाही. पान मोबाइलवर नीट उघडावं आणि त्याचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गूगलच सुचवतं, आणि खेड्यातल्या डळमळत्या नेटवर्कवर ती सोय आधी गिऱ्हाइकाची असते. दुकानाचं नाव, पत्ता, फोन आणि वेळा नकाशावरच्या नोंदीत आणि वेबसाइटवर सारख्या असाव्यात. यातल्या एकाही गोष्टीने माल आहे त्याहून चांगला भासत नाही. आहे तो दिसू लागतो, एवढंच. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात शब्दाला वाहिलेलं एक प्रकरण आहे. विसरलेल्याला आठवण करून देणं हा शब्दाचा उपकार ते मान्य करतात, आणि जिथे विसरच नाही तिथे शब्दाला काही काम उरत नाही असं पुढे दाखवतात. परब्रह्माची गोष्ट वेगळी, पण बाजारात न जाणणारा माणूस नेहमीच असतो. त्याच्यासाठी बोलणं हा दिखावा कसा म्हणावा? उलट न बोलण्यामुळे तो रबरी सोलाच्या, यंत्रावर ठोकलेल्या नकलेच्या दारात जातो, तेव्हा त्या फसवणुकीला आपलं मौनही थोडा हातभार लावतं. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात न बोलणाऱ्याचं नुकसान सांगितलं आहे. गव्हाच्या शोधात आलेला माणूस माती घेऊन घरी गेला, त्याच्या नुकसानीचा हिशोबही त्यात धरायला हवा.

धुक्याचा इतिहास धुराइतकाच जुना आहे. वेब लहान होतं तेव्हा पानाच्या कोडमध्ये, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी, आपले कीवर्ड लिहून ठेवायची सोय होती. लोकांनी तिथे विषयाशी संबंध नसलेले शब्द कोंबले. क्रम लावताना आपण ती जागा पाहतच नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलं. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याची युक्ती आली आणि पकडली गेली. लिंक ही साक्ष ठरताच लिंकांचा बाजार उभा राहिला. दुसऱ्यांच्या चर्चांत लिंका टाकण्याचा इतका सुळसुळाट झाला की जानेवारी २००५ मध्ये सर्च इंजिनांना ‘ही लिंक साक्ष धरू नका’ असं सांगणारी खूण काढावी लागली. साक्ष नाकारण्यासाठी वेगळी खूण लागावी, यातच काय घडलं ते आलं. पुढे गूगलच्या फेब्रुवारी २०११ च्या पांडा नावाच्या बदलाने पोकळ मजकुराची पानं खाली ढकलली, आणि एप्रिल २०१२ च्या पेंग्विनने विकत घेतलेल्या, जुळवून आणलेल्या लिंका हेरल्या. दर वेळी घडतं ते एकच. एक हेतू खरा असतो, त्यावर लोक विसंबू लागतात, विसंबतात म्हणून तो नकली बनवणं फायद्याचं होतं, आणि मग तो हेतू आगीशिवायही दिसू लागतो. न्यायशास्त्राच्या भाषेत तो सव्यभिचार, म्हणजे भरवसा न उरलेला हेतू, झाला. व्याप्ती मोडायला अपवाद एक पुरतो, इथे तर त्यांचे कारखाने निघाले. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली ब्रिटनच्या पैशाच्या धोरणाबद्दल लिहिताना हेच निरीक्षण नोंदवलं होतं: एखाद्या मापाचा वापर नियंत्रणासाठी होऊ लागला की ते माप पूर्वीसारखं वागत नाही. गुडहार्ट यांना यात धोरणकर्त्यांची अडचण दिसली. मला त्यात नीतीची बाजूही दिसते. मोडलेली व्याप्ती कुणा एकाच्या मालकीची नव्हती. ती गावच्या पाणवठ्यासारखी सगळ्यांची होती. एकाने धुकं सोडलं की खऱ्या धुरावरचाही लोकांचा विश्वास थोडा उडतो. त्याची किंमत ज्यांनी काहीच केलं नाही ते मोजतात, म्हणजे शोधणारा आणि प्रामाणिक दुकानदार.

आता सर्वांत अवघड प्रसंग. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गूगलने काही दिवस आपल्या यादीतून काढून टाकली. क्रॉलरसाठी तिच्यावर ‘जुन्या गाड्या’ या अर्थाच्या शब्दाने खच्चून भरलेली पानं होती, आणि माणूस तिथे पोचताच त्याला दुसऱ्याच देखण्या पानावर नेलं जात होतं. यंत्राला एक तोंड, माणसाला दुसरं. पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०११ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीबद्दल लिहिलं. सणासुदीच्या महिन्यांत कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत अनेक वस्तूंच्या शोधात ती सर्वांत वर येत होती, आणि त्यामागे कपड्यांशी-गालिच्यांशी काडीचा संबंध नसलेल्या शेकडो वेबसाइटवर पेरलेल्या लिंका होत्या. कंपनीने आपल्याला कल्पना नव्हती असं सांगितलं आणि एसईओ पाहणाऱ्या संस्थेला काढून टाकलं. गूगलने तिचा क्रम खाली आणला. बचाव उघड आहे. बीएमडब्ल्यू जुन्या गाड्या खरोखर विकते. जेसी पेनीकडे कपडे खरोखर होते, चांगलेही असतील. शोधणाऱ्याला हवी ती वस्तू मिळाली. मग नुकसान कुणाचं झालं? आग होतीच ना?

या प्रश्नाचं उत्तर आठव्या शतकातला बौद्ध तर्कपंडित धर्मोत्तर याच्या एका उदाहरणात आहे असं मला वाटतं. मांस भाजण्यासाठी कुणी नुकतीच आग पेटवली आहे. धूर अजून निघालेला नाही. पण मांसाच्या वासाने कीटकांचा दाट थवा वर घोंगावतो आहे. लांबून पाहणाऱ्याला तो थवा धूर वाटतो, आणि तो म्हणतो, तिथे आग आहे. आग तर आहेच. पण त्या माणसाला आगीचं ज्ञान झालं असं म्हणता येईल का? धर्मोत्तराचं उत्तर नकारार्थी आहे, आणि थोडा विचार केला की आपलंही तेच होतं. निष्कर्ष खरा निघाला तो योगायोगाने. उद्या असाच थवा आग नसलेल्या जागी दिसेल आणि तोच माणूस तितक्याच खात्रीने तिथे जाईल. त्याच्या हाती सत्य आलं, पण सत्यापर्यंत पोचायची वाट त्याच्या पायाखालून काढून घेतली गेली. चांगल्या मालासाठी विकत घेतलेल्या लिंकांचं नेमकं हेच आहे. गिऱ्हाइकाला कपडा चांगला मिळाला असेल, पण ‘लोक यांच्याकडे बोट दाखवतात, म्हणून मी आलो’ हे त्याचं कारण खोटं होतं. बोट कुणी दाखवलंच नव्हतं. माणसाला नुसती योग्य वस्तू देणं आणि योग्य कारणाने योग्य वस्तू निवडू देणं यांत फरक आहे. दुसऱ्यात त्याच्या बुद्धीचा मान आहे. पहिल्यात त्याला हाताला धरून नेलेलं असतं, तेही डोळ्यांवर पट्टी बांधून. माल चांगला आहे एवढ्यावर हा अपराध फिटत नाही, असं मी म्हणतो ते यासाठी. उलट ज्याच्याकडे खरी आग आहे त्याचा दोष मला जरा जास्तच वाटतो. त्याला धुक्याची गरज नव्हती.

यावर दुकानदार विचारेल, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे, की मग पाटी रंगवणंही पाप का? दर्शनी काचेत सर्वांत चांगला नग कोण ठेवत नाही? मला वाटतं, शब्द कुणाच्या तोंडचा आहे यावर उत्तर अवलंबून आहे. पाटी दुकानदाराच्या तोंडची आहे, आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक असतं. आपल्या तोंडाने आपली स्तुती ऐकताना माणूस तिचं वजन आपोआप कमी धरतो. पैसे देऊन ‘प्रायोजित’ असा शिक्का असलेली जागा घेणं याच कारणाने नीतीला धरून आहे, कारण बोलणारा कोण ते तिथे उघड लिहिलेलं असतं. विकत घेतलेली लिंक, नोकराकडून लिहून घेतलेला रिव्ह्यू, स्वतःच चालवलेली आणि तटस्थ भासणारी ‘टॉप टेन’ यादी यांत दुकानदार दुसऱ्याच्या तोंडाने बोलतो. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. रिव्ह्यू लिहिणारी व्यक्ती खरी आहे का याची पडताळणी त्यात महत्त्वाची मानली आहे. मानक ऐच्छिक आहे, पण त्याचा रोख बरोबर जागी आहे. स्तुतीतली अतिशयोक्ती गिऱ्हाईक सोसतं. साक्षीदारच बनावट निघाला तर त्याच्या हातात तपासायला काही उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. हे नियम घालणारी एक खाजगी कंपनी आहे, तिचा स्वतःचा स्वार्थ आहे, मग तिच्या नियमांना नीतीचा दर्जा का द्यायचा? आक्षेपातली वस्तुस्थिती पूर्ण खरी आहे. पेज आणि ब्रिन यांनी स्वतः १९९८ च्या निबंधाच्या पुरवणीत इशारा दिला होता की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांच्या बाजूला झुकेल आणि शोधणाऱ्यांच्या गरजेपासून दूर जाईल. पुढे त्यांचीच कंपनी जाहिरातींवर उभी राहिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने निकालांतल्या पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निर्णय दिला. अशा न्यायाधीशापुढे आपण नीतीने का वागायचं? माझं म्हणणं असं की आपलं देणं त्याला लागतच नाही. ते लागतं शोधणाऱ्याला. कंपनीच्या नियमपुस्तकात लिहिलंय म्हणून बनावट साक्ष वाईट ठरत नाही. शोधणारा तिच्यावर विसंबून पाऊल टाकतो, म्हणून ती वाईट. ही भूमिका घेतली की एक मोकळीकही मिळते. कंपनीला अडचणीची, पण शोधणाऱ्याला निरुपद्रवी अशी एखादी गोष्ट केली तर ती पाप होत नाही. आणि कंपनीच्या नजरेतून जी निसटते, उदाहरणार्थ एकच पोकळ मजकूर शहराचं नाव बदलून चाळीस पानांवर टाकणं, ती पकडली गेली नाही म्हणून पवित्र होत नाही. पंढरीच्या वाटेवर दांभिकांना ज्यांनी झोडपलं, त्या तुकोबांनी पकडलं जाण्याची वाट पाहिली नव्हती. आत एक आणि बाहेर एक, एवढाच गुन्हा त्यांना पुरेसा होता.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो मला सर्वांत अस्वस्थ करतो. शेजारचा धुकं सोडतो, वर येतो, त्याचा माल खपतो. मी नीतीने वागून उपाशी राहायचं का? सत्य अखेर जिंकतंच, असं मी म्हणणार नाही, कारण पेंग्विनसारखे बदल येईपर्यंत वर्षं जातात आणि तोवर कारागिराचं दुकान बंद पडलेलं असू शकतं. इतकंच सांगता येतं की लढाईची जागा निवडणं थोडं आपल्या हातात असतं. ‘चप्पल’ या एका शब्दासाठी मोठ्या बाजारपेठांशी झुंजायची गरज नाही. ‘वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याची कापशी चप्पल’, ‘नवी कोल्हापुरी पायाला लागते तेव्हा काय करावं’, ‘अस्सल कोल्हापुरी कशी ओळखायची’ असे प्रश्न विचारणारे थोडे असतात, पण त्यांना आप्तच हवा असतो, आणि ज्याने हजारो जोड शिवले आहेत त्याच्याइतकं नेमकं उत्तर दुसरं कोण देणार? नकली माणूस इथे अडखळतो. त्याच्याकडे शब्द आहेत, जाणणं नाही. ही वाट सोपी आहे असं नाही. चामडं कमावण्याचे दिवस मोजणारा माणूस रात्री बसून पानं लिहिणार कधी? इथे त्याला घरातल्या शिकलेल्या मुलांची, सहकारी संस्थांची, औद्योगिक महामंडळांची मदत मिळायला हवी. ती मिळत नसेल, तर त्या दुबळेपणाचा दोष एकट्या कारागिराच्या माथी मारता येणार नाही.

२०२४ पासून या सगळ्याला नवं वळण लागलं आहे. गूगल निकालांच्या यादीच्याही वर, एआयने स्वतः रचलेलं उत्तर दाखवू लागलं आहे. यादी आता निरुपयोगी झाली, तर हा सगळा विचारही कालबाह्य झाला, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. यादीत निदान साक्षीदार समोर दिसत होते, त्यांतला एक निवडता येत होता. रचलेल्या उत्तरात अनेकांचे शब्द एका आवाजात मिसळतात, आणि तो आवाज ज्याचा, त्याने एकही चप्पल कधी पायात घातलेली नाही. वात्स्यायनांची पहिलीच अट तिथे कोसळते. म्हणून त्या आवाजाच्या मागे कुणीतरी खरा आप्त असावा लागतो, आणि त्याने लिहून ठेवलेलं कुठेतरी सापडावं लागतं. अशा एखाद्या पानावर वादीने शिवणाऱ्या हाताचा जवळून काढलेला फोटो असेल. खाली तळ किती थरांचा आहे आणि चामडं कोणत्या सालींनी कमावलं ते लिहिलेलं असेल, आणि त्याखाली कुठल्याही कीवर्डच्या यादीने कधी सुचवलं नसतं असं एक वाक्य: ही चप्पल पावसाळ्यात घालू नका, भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात टाकू नका.